कास्क आणि केग : पबच्या काउंटरवरचे दांडे आणि नळ

ब्रिटनमधल्या शहरातल्या साध्या पबमध्ये जेवायला गेले, की बहुतेक ठिकाणी टेबलाशी कोणी ऑर्डर घ्यायला येत नाही. काउंटरपाशी जाऊन खाणे आणि पेय आपणच सांगायचे असते. तिथे उभे राहिल्यावर समोर दोन प्रकारची यंत्रणा दिसते. एक म्हणजे उंच, जाड मुठीचे दांडे, जे काउंटरमागचा माणूस हापसा मारावा तसे दोन-तीनदा जोर लावून स्वतःकडे ओढतो. दुसरे म्हणजे छोटे नळ, जे नुसते कलते केले की बिअर वाहू लागते. दांड्यातून येते ती कास्क बिअर आणि नळातून येते ती केग. नवखा माणूस यावरून दांडा म्हणजे एल आणि नळ म्हणजे लागर असे समीकरण बांधतो, आणि ते पुष्कळदा जुळत असल्यामुळे त्याच्या डोक्यातून सहसा जातही नाही. वास्तविक एल आणि लागर ही बिअरच्या जातींची नावे आहेत, तर कास्क आणि केग हा फरक बिअर कोणत्या अवस्थेत पबपर्यंत आली आणि पेल्यात कशाच्या जोरावर चढली, याचा आहे. एकच पेल एल, म्हणजे फिकट रंगाची एल, दोन्ही प्रकारे मिळू शकते, आणि स्टाउट ही काळपट रंगाची बिअर एलच असूनही बहुतेक पबांत नळातूनच येते.

केगची गोष्ट सरळ आहे. बिअर कारखान्यातच पूर्ण तयार होते, बहुधा गाळून आणि पाश्चरीकरण करून बंद पिंपात भरली जाते, आणि पबमध्ये कार्बन डायऑक्साइडच्या किंवा त्यात नायट्रोजन मिसळलेल्या वायूच्या दाबाने वर ढकलली जाते. आत हवा शिरत नसल्यामुळे जोडलेले पिंप बरेच दिवस टिकते.

कास्कमधली बिअर मात्र पबमध्ये पोहोचते तेव्हा अजून जिवंत असते. पिंपात यीस्ट शिल्लक असते आणि आंबण्याची क्रिया तिथेच पुढे चालू राहते. नेहमीच्या आकाराचे पिंप, ज्याला फर्किन म्हणतात, ९ गॅलनचे, म्हणजे ७२ पाइंटांचे असते. ते तळघरात आडवे ठेवून वरच्या छिद्रात सच्छिद्र लाकडाची खुंटी बसवतात, जादा वायू निघून जाऊ देतात, आणि तुरटी फिरवल्यावर पाणी निवळावे तसा गाळ तळाशी बसण्याची वाट पाहतात. हा गाळ लवकर बसावा म्हणून परंपरेने आयसिंग्लास वापरतात, आणि ते माशाच्या शरीरातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेले असते. काटेकोर शाकाहारी माणसाने हे विचारून घेतलेले बरे. पुढे जितकी बिअर बाहेर येते तितकी हवा पिंपात शिरते, त्यामुळे तोटी ठोकल्यापासून साधारण तीन दिवसांत ते संपवावे लागते.

‘इंग्रजांची बिअर कोमट आणि मिळमिळीत असते’ ही तक्रार याच दांड्यांमुळे जन्मली. कास्क बिअर तळघराच्याच तापमानाला, सुमारे ११ ते १३ अंश सेल्सिअसला देतात. ती कोमट नसते, फक्त बर्फासारखी गार नसते, आणि तिच्यात बाहेरून वायू भरलेला नसल्यामुळे बुडबुडे कमी असतात. जेवणाबरोबर घ्यायची तर माझे मत तिच्याच बाजूने पडते, कारण वायूने पोट फुगत नाही. मात्र ‘खरी एल’ म्हणजे तेवढी कास्कच, असा जो आग्रह १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ या ग्राहक संघटनेने रुजवला, तो आज मला थोडा जुना वाटतो. तेव्हाच्या बेचव केग बिअरला तो योग्य उत्तर होता, पण आता न गाळलेली, पाश्चरीकरण न केलेली उत्तम बिअरही केगमधून येते.

व्यवहारात फरक पडतो तो असा : केग बिअर कोणत्याही पबमध्ये जवळजवळ सारखीच लागते, कास्क बिअरची चव मात्र तळघर सांभाळणाऱ्या माणसावर आणि गिऱ्हाइकांच्या वर्दळीवर अवलंबून असते. रिकाम्या पबमध्ये सहा दांडे दिसले, तर आपण मुकाट्याने नळाकडे वळावे. गजबजलेल्या पबमध्ये दोनच असतील, तर निःशंक मागावे, आणि पेल्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर तो शांतपणे परत करावा; चांगल्या पबमध्ये वाद न घालता दुसरा भरून देतात. दांड्यावरची नावाची पाटी उलटी फिरवलेली दिसली, तर मागण्याच्या फंदात पडू नये, कारण ते पिंप संपलेले असते किंवा त्यातला गाळ अजून बसायचा असतो.