'निश्ट' शेवटी येत नाही

जर्मनमध्ये 'नाही' म्हणायचे दोन शब्द, 'काइन' आणि 'निश्ट'; त्यांतला फरक सांगण्यात जर्मन शिकवणारे अर्धा तास घालवतात. मग खरी अडचण एका वाक्यात उरकतात: "निश्ट वाक्याच्या शेवटी येतं." हे वाक्य पुन्हा कानावर आलं की डोकं उठतं.

'काइन'चं तुम्हाला येतच असेल. नामाआधी 'आइन' (एक) असेल किंवा आर्टिकलच नसेल, तर 'काइन': इश् हाबं काइन आउटो, माझ्याकडे गाडी नाही. डेर-डी-दास ही निश्चित आर्टिकलं असतील तर 'निश्ट'. प्रत्यय 'आइन'चेच. पुढे चला.

आता 'निश्ट'. 'इश् लेझं दास बूख निश्ट', मी ते पुस्तक वाचत नाही. इथे ते शेवटी आहे खरं. पण वाचलं नाही म्हणायचं तर 'इश् हाबं दास बूख निश्ट गेलेझन'. वाचायचं नाही तर 'इश् विल दास बूख निश्ट लेझन'. शेवट कुठे गेला?

उत्तर नेबनझात्समध्ये, म्हणजे गौणवाक्यात आहे: 'वाइल इश् दास बूख निश्ट लेझं'. कारण मी, ते पुस्तक, नाही, वाचत. जर्मन वाक्याची मूळ मांडणी ही, आपल्यासारखीच क्रियापद शेवटी ठेवणारी, आणि 'निश्ट' त्याच्या लगेच आधी. मुख्य वाक्यात कर्त्याप्रमाणे चालवलेलं क्रियापद तिथून उठून दुसऱ्या जागी जातं. 'निश्ट' जागचं हलत नाही. मागे कुणी उरलं नाही, तर ते शेवटचं दिसतं, इतकंच. 'आनरूफन' (फोन करणे) मधला 'आन' मागे उरतो, म्हणून 'इश् रूफं डिश् हॉइटं निश्ट आन', मी तुला आज फोन करत नाही. एवढं जवळचं मराठी सोडून लोक इंग्रजीच्या वाटेने का जातात आणि 'इश् निश्ट लेझं' का लिहितात, देव जाणे.

काही शब्द क्रियापदाला इतके चिकटलेले असतात की 'निश्ट' त्यांच्याही आधी बसतं. कुठे राहतो, कुठे जातो, कसा आहे, हे सगळे त्यातले: 'इश् वोनं निश्ट इन बर्लीन', मी बर्लिनमध्ये राहत नाही; 'इश् बिन निश्ट म्यूडं', मी थकलेलो नाही. शंका आली की मनात 'वाइल' (कारण) लावून पाहा: 'वाइल इश् निश्ट इन बर्लीन वोनं'. वेळ मात्र चिकटत नाही, म्हणून 'इश् कोमं हॉइटं निश्ट', मी आज येत नाही.

आणि खरा घोळ इथेच होतो. 'इश् कोमं निश्ट हॉइटं' म्हणालात, तर ऐकणारा थांबून राहतो: आज नाही, मग कधी? 'निश्ट' आपल्या जागेवरून वाक्याच्या सुरुवातीकडे सरकलं की सगळं वाक्य नाकारलं जात नाही, फक्त त्याच्या लगेच नंतरचा शब्द नाकारला जातो, आणि त्यानंतर 'झोंडर्न मॉर्गन' (तर उद्या) यावं लागतं. मराठीत हे काम आपण आवाजाने भागवतो: "मी *आज* नाही येत." जर्मन लोकही शब्दावर जोर देतातच, पण जागाही बदलतात. तिथे 'झोंडर्न'ऐवजी 'आबर' (पण) घालणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

एका ठिकाणी दोन्ही चालतं. 'इश् श्पीलं निश्ट क्लाविअर' आणि 'इश् श्पीलं काइन क्लाविअर' (मी पियानो वाजवत नाही), दोन्ही जर्मन लोक बोलतात, कारण तिथे 'क्लाविअर' नामही आहे आणि क्रियापदाला चिकटलेलंही. यातल्या एकावर लाल रेघ मारणाऱ्या शिक्षकाशी खुशाल वाद घाला.