मांतोऊ खाल्ल्यावर दोन तासांनी

मांतोऊ म्हणजे गव्हाच्या पिठाचा वाफवलेला गोळा. वरून पांढराशुभ्र, आतून लादीपावासारखा मऊ, चवीला जवळजवळ काहीच नाही. उत्तर चीनमध्ये पोटाला आधार भाताचा नसतो, याचा असतो. १९८६ साली ईशान्य चीनमधल्या दाचिंग शहरात लोकांना नाश्त्याला १०० ग्रॅम मांतोऊ देऊन दोन तासांनी त्यांचं रक्त घेतलं गेलं. साखर जास्त आली की पुढची पायरी: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचं आणि पुन्हा दोन तासांनी सुई.

आपल्याकडच्या लॅबमध्ये याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे ‘पीपी’. आणि आपण सगळे ती टाळतो, हे कबूल करून टाकू. सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन ऑफिस गाठता येतं. जेवून पुन्हा लॅबची पायरी चढायची म्हणजे अर्धा दिवस गेला. मग हातात नुसता फास्टिंगचा आकडा येतो, तो ९६ असतो, आणि आपण निवांत.

दाचिंगच्या माणसांची गोष्ट या निवांतपणाबद्दल बरंच काही सांगते.

दाचिंग या नावाचा अर्थ ‘मोठा उत्सव’. १९५९च्या सप्टेंबरात तिथे तेल लागलं, तेव्हा जनवादी चीनचा दहावा वर्धापनदिन अगदी तोंडावर आला होता. तेलामुळेच वसलेलं हे शहर. ऐंशीच्या दशकात चीनमध्ये धान्य अजून कुपनांवर मिळत होतं आणि मधुमेह ही फारशी चर्चेतली गोष्ट नव्हती. १९८०च्या राष्ट्रीय पाहणीत त्याचं प्रमाण एक टक्काही भरलं नव्हतं. अशा वेळी फान श्याओरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या ३३ दवाखान्यांतून १,१०,६६० माणसं तपासली. त्यांना मधुमेही नको होते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभी असलेली माणसं हवी होती. ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी साखर १४०च्या आत असेल तर ठीक, २०० किंवा पुढे गेली तर मधुमेह, आणि मधे अडकली तर आपल्या भाषेत ‘बॉर्डरवर’. अशी ५७७ माणसं निघाली.

त्यांचे गट पाडताना एक शहाणपण केलं. चिठ्ठी माणसांच्या नावाने टाकली नाही, दवाखान्यांच्या नावाने टाकली. एकाच दवाखान्यात येणाऱ्या दोघांपैकी एकाला ‘चाला’ म्हणायचं आणि दुसऱ्याला काहीच सांगायचं नाही, तर ते प्रतीक्षागृहातच एकमेकांना सगळं सांगणार. त्यामुळे काही दवाखाने आहाराचे, काही व्यायामाचे, काही दोन्हींचे आणि काही नेहमीचेच, म्हणजे खास सल्ला न देणारे.

व्यायामाचा हिशेब मला फार आवडतो. तो ‘एकका’त मांडला होता. एक एकक म्हणजे अर्धा तास सावकाश चालणं, किंवा वीस मिनिटं भरभर चालणं, किंवा दहा मिनिटं जिने चढणं, किंवा पाच मिनिटं दोरीच्या उड्या. आपापल्या गुडघ्यांना विचारून निवडा आणि रोजच्या हालचालीत निदान एका एककाची भर घाला. आहारात जाड माणसांना महिन्याला अर्धा ते एक किलो वजन उतरवायला सांगितलं. तेवढंच, उपासतापास नाहीत. सुरुवातीला दर आठवड्याला भेट, मग महिन्यातून एकदा, पुढे तीन महिन्यांतून एकदा.

सहा वर्षांनी, १९९२ साली, कार्यक्रम संपला. नेहमीच्या गटातल्या ६७.७ टक्के लोकांना मधुमेह झाला होता. बाकीच्या तिन्ही गटांत तो ४१ ते ४६ टक्क्यांना झाला. आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांना नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही, याचं अनेकांना नवल वाटलं. मला नाही वाटलं. दोन सल्ले एकदम मिळाले की माणूस दोन्ही अर्धे पाळतो.

पण मधुमेह हा शेवटी रक्तातला आकडा. त्यापायी माणूस मरतो तो बहुतेकदा हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीत अडथळा येऊन. चीनमध्ये पक्षाघाताचं ओझं पाश्चात्त्य देशांच्या मानाने फार मोठं आहे, तेव्हा तिथे नुसता हार्ट अटॅक मोजून भागत नाही. साखर आणि रक्तवाहिनीचं नातं असं आहे. वाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एक अगदी पातळ थर असतो, आणि या पेशींना साखर आत यायची तर इन्सुलिनची परवानगी लागत नाही. रक्तात साखर चढली की ती यांच्यातही चढते. मग वाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो, थर चिकट होतो, कोलेस्टेरॉल आत शिरायला वाव मिळतो. हे सगळं १९९ला थांबून २००ला सुरू होत नाही. ती रेघ डॉक्टरांनी सोयीसाठी आखलेली आहे, रक्तवाहिनीला ती ठाऊक नाही.

मग दाचिंगमध्ये साखर रोखून हृदय वाचलं का? वीस वर्षांनी ली ग्वांगवेई आणि सहकाऱ्यांनी पुन्हा त्याच माणसांची दारं ठोठावली. मधुमेहाच्या बाबतीत फरक टिकून होता. सल्ला मिळालेल्यांना तो सरासरी ३.६ वर्षं उशिरा गाठत होता. हृदयविकार आणि पक्षाघातात मात्र फरक जवळजवळ शून्य. २००८ साली हे छापून आलं. अभ्यास इथेच बंद झाला असता, तर ‘चालण्याने साखर सुधारते, हृदयाला काही फरक पडत नाही’ असं आज पाठ्यपुस्तकांत असतं.

तो बंद झाला नाही. २३ वर्षांच्या हिशेबात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेले मृत्यू नेहमीच्या गटात १९.६ टक्के होते आणि सल्ल्याच्या गटांत ११.९ टक्के. तीस वर्षं झाली तेव्हा हृदयविकार, पक्षाघात वगैरे प्रसंग सुमारे एक चतुर्थांशाने कमी भरले आणि सरासरी आयुष्य १.४४ वर्षांनी, म्हणजे जेमतेम सतरा महिन्यांनी, वाढलेलं दिसलं. सतरा महिने थोडे वाटतात खरे. पण कार्यक्रम सहाच वर्षांचा होता आणि त्यात कुणी महागडं औषध दिलेलं नव्हतं.

एक खोच मात्र आहे. २३ वर्षांच्या आकड्यांत मृत्यूंमधली घट जवळजवळ सगळी बायकांच्या वाट्याला आली होती, पुरुषांत फरक पडल्यासारखा दिसत नव्हता. चीनमध्ये त्या पिढीतले निम्म्याहून जास्त पुरुष सिगारेट ओढत आणि बायका क्वचित. माझा संशय तिकडेच जातो. रोज वीस मिनिटं चालून येऊन फाटकाशी सिगारेट शिलगावली, तर रक्तवाहिनीने कुणाचं ऐकायचं?

आता याच्याशेजारी दुसरा चिनी अभ्यास ठेवू. ‘एस’ या नावाच्या चाचणीत १७६ रुग्णालयांतले ६,५२२ लोक होते. सगळ्यांना आधीपासून हृदयविकार, आणि सगळ्यांची साखर बॉर्डरवर. निम्म्यांना अकार्बोज दिलं. हे औषध आतड्यात पिष्टाचं पचन लांबवतं, त्यामुळे जेवणानंतर साखरेची उसळी बसते. (पोटात वायू धरतो, तो वेगळाच.) चीनमध्ये हे औषध खूप वापरलं जातं आणि भात, नूडल्स, मांतोऊ यांच्या देशात ते शोभतंही. सुमारे पाच वर्षांनंतर, २०१७ साली, निकाल आला. नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण १८ टक्क्यांनी घटलं. हृदयाचे झटके, पक्षाघात, मृत्यू यांत फरक नाही.

हे वाचून ‘मग साखर गुन्हेगारच नाही’ असं म्हणणं घाईचं होईल. या रुग्णांच्या वाहिन्या आधीच खराब झालेल्या होत्या, अनेकांना कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू होती, आणि पाच वर्षं म्हणजे दाचिंगच्या मानाने ट्रेलर. तरी एक गोष्ट मला यातून पटते. जेवणानंतर चढणारी साखर एकटी हिंडत नाही. तिच्याबरोबर पोटाचा घेर, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) अशी टोळी असते. गोळीने त्यातल्या एकीचीच उसळी दाबली. चालण्याने आणि वजन उतरण्याने सगळ्या टोळीलाच थोडाथोडा चाप बसतो.

पण टोळी पकडायची तर आधी ती दिसायला हवी, आणि इथे पुन्हा फास्टिंगवर येऊ. रात्रभर काही न खाता जी साखर रक्तात असते, ती मुख्यतः यकृताने सोडलेली. जेवल्यावरची साखर आटोक्यात आणायला स्वादुपिंडाने पहिल्या काही मिनिटांत इन्सुलिनचा एक जोरदार फवारा मारावा लागतो. पूर्व आशियातल्या अनेकांत हा पहिला फवाराच कमजोर असतो. म्हणजे सकाळी सगळं आलबेल, दुपारी गडबड. हू दायी यांच्या गटाने सात शहरांतल्या ५२ रुग्णालयांत साडेतीन हजार हृदयरुग्ण तपासून २००६ साली निकाल छापला. सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांची साखर बिघडलेली होती. यांतल्या नव्याने सापडलेल्या मधुमेहींपैकी सुमारे ८० टक्के लोक नुसत्या फास्टिंगवर विसंबलं असतं तर सुटून गेले असते. लक्षात घ्या, ही माणसं हृदयाच्या डॉक्टरसमोर बसलेली होती.

बाहेरच्या जगात चित्र अर्थातच आणखी अंधुक. २०१८च्या पाहणीत चीनमधल्या १२.४ टक्के प्रौढांना मधुमेह होता आणि त्यांतल्या जेमतेम ३७ टक्क्यांना तो ठाऊक होता. (१९८०शी थेट तुलना करू नये, निकष बदलले आहेत. वाढ मात्र खरीच आहे.) पाच लाखांहून अधिक लोकांच्या ‘चायना काडूरी बायोबँक’ अभ्यासाचा हिशेब असा की पन्नाशीच्या आत मधुमेह झालेल्यांचं आयुष्य सरासरी नऊ वर्षांनी घटतं. मधुमेह शहरात जास्त, पण त्याचा मार खेड्यात जास्त.

या लोकांपैकी फार थोडे पाश्चात्त्य अर्थाने लठ्ठ होते. ‘बारीक आहे, त्याला कशाची शुगर’ हे वाक्य शांघायमध्येही चुकतं आणि सांगलीतही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी छापून हे दाखवलं होतं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२.

जाता जाता फळांचं. चीनमध्ये मधुमेह कळला की पहिली कुऱ्हाड फळांवर पडते. बायोबँकच्या अभ्यासात फळ अजिबात न खाणाऱ्यांचं प्रमाण मधुमेहींत इतरांच्या सुमारे तिप्पट होतं. आणि आकडे उलटेच निघाले. ताजी फळं नेमाने खाणाऱ्यांत मधुमेह कमी, आणि मधुमेह असूनही फळं खाणाऱ्यांत मृत्यू आणि रक्तवाहिन्यांचे त्रास कमी. फळं परवडणारी माणसं इतर बाबतींतही सुस्थितीत असतात, हा भाग वजा करायचा प्रयत्न संशोधकांनी केला, तरी तो पूर्ण वजा होत नाही. शिवाय तिथली नेहमीची फळं म्हणजे सफरचंद, नासपती, संत्री. मे महिन्यात जेवणावर दोन वाट्या आमरस घेणाऱ्यांनी या अभ्यासाचा दाखला देऊ नये.