रेषा आणि वॉश : पुस्तकांवरून अध्ययन

टाक, बोरू किंवा पेनाने शाईत केलेल्या रेखाटनावर जलरंगाचे पातळ, पारदर्शक थर देण्याची चित्रपद्धती. ‘लाइन अँड वॉश’ हेच नाव मराठी चित्रकारांच्याही तोंडी आहे. वॉश म्हणजे भरपूर पाण्यात कालवलेल्या रंगाचा एकसलग लेप. सामान पिशवीत मावते, खर्च बेताचा असतो आणि स्टुडिओ लागत नाही. त्यामुळे गावात शिक्षक नसलेले, नोकरी सांभाळून शिकणारे किंवा उतारवयात ब्रश हाती घेणारे बहुतेक लोक या पद्धतीपासून सुरुवात करतात आणि त्यांचा पहिला गुरू पुस्तक असतो. या गुरूची ताकद आणि मर्यादा एकाच गोष्टीतून येतात. शाईची रेष छापील पानावर जवळपास जशीच्या तशी उतरते, ओला कागद मात्र छापता येत नाही. म्हणून रेष पुस्तकातून खरोखर शिकता येते. पाण्याच्या बाबतीत कशावर नजर ठेवायची एवढेच पुस्तक सांगू शकते.

सतराव्या शतकात रेम्ब्रांट, क्लोद लोरँ या युरोपीय चित्रकारांनी तपकिरी शाईच्या रेषेवर त्याच जातीच्या रंगाचे वॉश देऊन हजारो रेखाटने केली. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये या पद्धतीला व्यावहारिक महत्त्व आले. किल्ले, नद्या, बंदरे, जुन्या इमारती यांची नोंद करायला लष्करी अधिकारी आणि प्रवासी यांना झटपट साधन हवे होते. आधी रेषा, मग करड्या रंगात उजेड-सावली, शेवटी हलके रंग, असा क्रम ठरून गेला. लंडनजवळच्या वुलिचच्या लष्करी अकादमीत चित्रकार पॉल सँडबी १७६८ पासून हीच विद्या शिकवत असे, तर व्यंगचित्रकार टॉमस रोलंडसनने (१७५६/५७–१८२७) तिला गर्दीचे, बाजाराचे, माणसांच्या लगबगीचे रूप दिले.

ही पद्धत महाराष्ट्रातही लवकर पोहोचली. पेशवे दरबारातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी पुण्याच्या गंगाराम तांबटांनी वेरूळच्या लेण्यांची आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याची चित्रे १७९० च्या दशकाच्या आगेमागे शाई आणि जलरंगात केली. त्यांतली बरीच आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत. गंगाराम हे मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्या सहवासात घडले, पुस्तकातून नव्हे. तरीही मराठी माणसाच्या हातून झालेल्या या पद्धतीच्या कामात त्यांना अग्रस्थान द्यायला हवे आणि आपल्या कलाशिक्षणात त्यांचे नाव आज आहे त्याहून कितीतरी अधिक घेतले गेले पाहिजे.

पुस्तकांची मागणी वाढली ती हौशी चित्रकारांमुळे. १७८० च्या सुमारास लंडनच्या रीव्ह्ज बंधूंनी जलरंगाच्या सुक्या वड्या बाजारात आणल्या. रंग खलत बसण्याची गरज संपली आणि घराघरात रंगपेट्या आल्या. डेव्हिड कॉक्स या चित्रकाराचा निसर्गचित्रणावरचा ग्रंथ १८१३–१४ मध्ये निघाला. त्यातील काही चित्रपत्रांवर रंग छापलेला नव्हता, कारागिरांनी प्रतीगणिक हाताने दिलेला होता. म्हणजे वाचकाच्या हाती खरा, कागदात मुरलेला वॉश पडत होता. पुढे रंगीत छपाई आली, पुस्तके स्वस्त झाली आणि नेमकी ही गोष्ट हरवली. अल्ट्रामरीन निळा कागदाच्या खळग्यांत कणाकणाने बसतो, त्याची रवाळ छटा छपाईच्या ठिपक्यांत विरून जाते. पुस्तकातले आकाश म्हणून नेहमीच प्रत्यक्षाहून गुळगुळीत दिसते.

इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनचे रेखांकनाचे प्राथमिक पुस्तक १८५७ चे, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले त्याच वर्षीचे. ते तीन पत्रांच्या रूपात आहे. लंडनमधील कामगारांच्या महाविद्यालयात शिकवण्याचा अनुभव रस्किनच्या गाठीशी होता. त्याचा पहिलाच सराव असा : सुमारे इंचभराचा चौकोन आखा आणि बारीक स्टीलच्या टाकाने आडव्यातिडव्या रेषा भरत तो इतका सारखा करा की करड्या कापडाचा तुकडा वाटावा. झाड नाही, डोंगर नाही, घर नाही. पहिल्या प्रयत्नात चौकोन डागाळतो. रेषा एकमेकींवर चढतात, शाई साचते, कुठे पांढरे भोक राहते. आठवडाभराने हात आपोआप सैल होतो आणि काळे-पांढरे या दोहोंमधल्या पायऱ्या डोळ्याला दिसू लागतात. चित्रकला शिकवणाऱ्या पुस्तकांत इतका रुक्ष दिसणारा आणि इतका फळ देणारा दुसरा सराव क्वचितच असेल.

पुस्तकावरून गिरवून शिकण्याची परंपरा पूर्वेकडेही जुनी आहे. ‘मोहरीच्या दाण्याएवढी बाग’ अशा अर्थाचे नाव असलेल्या चिनी चित्रशिक्षण ग्रंथाचा पहिला भाग १६७९ मध्ये लाकडी ठशांनी छापला गेला. तिथे टाकाऐवजी कुंचला आहे, पण पान, खडक, फांदी यांचे एकेक फटकारे सुटे करून दाखवण्याची रीत तीच. ची बाइशी हे पुढे चीनचे थोर चित्रकार झाले. तरुणपणी ते सुतारकाम करत. या ग्रंथाची उसनी आणलेली प्रत त्यांनी रात्री दिव्याच्या उजेडात पातळ कागदावर गिरवून उतरवून घेतली. युरोपात व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८० पासून फ्रेंच चित्रकार शार्ल बार्गच्या, सरावासाठी छापलेल्या चित्रपत्रांच्या नकला पुन्हापुन्हा केल्या. १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथे त्याने केलेली शेतांची रेखाटने बोरूची आहेत. ठिपके, आखूड रेघा, वळसे यांच्यातून त्याने गवत आणि वारा वेगळा काढला. ज्यांच्या घरात मोडी कागदपत्रांचे दप्तर आहे, त्यांना बोरूची जाड-बारीक होणारी ती रेघ लगेच ओळखू येईल.

रेषेचा अभ्यास करताना चित्राच्या आकाराकडे बहुतेक वाचकांचे दुर्लक्ष होते. छपाईसाठी केलेली पेनचित्रे सहसा मोठी काढून मग लहान करून छापली जात. त्यामुळे पुस्तकातल्या रेषा मुळापेक्षा बारीक आणि एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. छापील मापातच नक्कल करणारा विद्यार्थी हैराण होतो आणि आपला हात जड आहे अशी समजूत करून घेतो. चित्र दीडपट मोठे घेऊन उतरवले की तीच रेष सहज जमते. समांतर रेघा म्हणजे हॅचिंग, त्यांवर दुसऱ्या दिशेने रेघा म्हणजे क्रॉस हॅचिंग, नुसते ठिपके म्हणजे स्टिपलिंग. या तिन्हींच्या पट्ट्या, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच-सहा पायऱ्यांच्या, आधी भराव्यात.

शाईच्या निवडीवर सगळे चित्र अवलंबून असते. काजळी आणि लाख यांपासून केलेली इंडिया इंक वाळली की पाण्याने हलत नाही, पण ती फाउंटन पेनात भरली तर आतच वाळून पेन बाद होते. ती टाकाने, दौतीत बुडवूनच वापरावी. लिहिण्याची साधी शाई बहुधा पाण्यात विरघळते. तिच्यावर ओला ब्रश फिरवला की रेषेतून निळसर सावली पसरते. ठरवून केले तर हे सुंदर दिसते, नकळत झाले तर पिवळे ऊन मळकट हिरवे होते. कोणतीही नवी शाई आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर तपासावी : रेघ ओढावी, पूर्ण वाळू द्यावी, मग ओला ब्रश फिरवावा. कागदाचेही तसेच. गुळगुळीत, हॉट प्रेस कागदावर टाक अडखळत नाही. खरखरीत कागदाचे तंतू निबेत अडकून शाईचे शिंतोडे उडतात, मात्र वॉशला तोच कागद आवडतो. मधला मार्ग म्हणजे कोल्ड प्रेस, ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) वजनाचा. त्याहून पातळ कागद भिजवून फळीवर डिंकपट्टीने ताणून घ्यावा, नाहीतर त्याला लाटा येतात.

आता पाणी. कागद ओला असतानाच्या अवस्था डोळ्यांनी वाचायच्या असतात. चकाकत असेल तेव्हा टाकलेला रंग मऊ पसरतो. चमक जाऊन नुसता ओलसर राहिला की तो धोक्याचा क्षण. अशा वेळी अधिक पाण्याचा ब्रश टेकला तर पाणी आधीचा रंग कडेला ढकलते आणि फुलकोबीसारखा दातेरी डाग उमटतो. पूर्ण कोरड्यावर दिलेला थर धारदार कडेचा येतो. पुस्तकात ‘थोडे थांबा’ असे छापलेले असते, पण किती थांबायचे ते हवेवर ठरते. इंग्लंडच्या गार हवेत लिहिलेली सूचना नागपूरच्या मे महिन्यात निरुपयोगी ठरते, तिथे वॉश तळाला पोहोचायच्या आत माथा वाळलेला असतो. उलट रत्नागिरीच्या श्रावणात तोच कागद तासभर ओलसर राहतो आणि धोक्याचा क्षण लांबतच जातो. म्हणून विद्यार्थ्याने स्वतःच्या गावासाठी, ऋतूसाठी पट्ट्या करून ठेवाव्यात. प्रत्येक पट्टीवर पाणी किती होते, किती मिनिटांनी दुसरा रंग टाकला, हे पेन्सिलीने लिहावे. शिवाय जलरंग वाळल्यावर फिका होतो, तेव्हा ओला असताना थोडा गडद वाटला तरच बरोबर.

दोन माध्यमे एकत्र आली की खरी अडचण कामाच्या वाटणीची असते. क्रॉस हॅचिंगने सावली पूर्ण भरल्यावर रंगानेही तीच सावली पुन्हा दिली तर चित्र काळवंडते. सावली रेषेने दाखवायची असेल तर रंग हलका, एका-दोन थरांचा ठेवावा. सावली रंगाने द्यायची असेल तर रेषेने फक्त आकार धरावा आणि तोही मधूनमधून तुटता सोडावा. बंद रेषेच्या आत नेमका रंग भरला की बालवाडीच्या रंगपुस्तकासारखे दिसते. रंग रेषेबाहेर थोडा वाहू द्यावा, पांढरा कागद सोडायला भिऊ नये. जलरंगात पांढऱ्याचे काम कागदच करतो. काही चित्रकार क्रम उलटवतात. आधी सैल वॉश, तो वाळल्यावर निवडक ठिकाणी रेष. नवख्याने दोन्ही क्रम एकाच विषयावर करून पाहावेत.

जुन्या पुस्तकांतील रंगयाद्या डोळे मिटून पाळू नयेत. अलिझरिन क्रिमसन हा लाल रंग (रंगद्रव्य क्रमांक पीआर ८३) उजेडात उडतो, हे आज सर्वज्ञात आहे. ट्यूबवरचे आकर्षक नाव न पाहता रंगद्रव्याचा क्रमांक पाहावा. अल्ट्रामरीन असेल तर तिथे पीबी २९ असते.

महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांमुळे जलरंगाची पेटी शाळकरी वयातच हाती येते. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनने पुढे रंगही घरोघरी पोहोचवले. पुण्याचे मिलिंद मुळीक यांची ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली जलरंगाची पुस्तके आज अनेक स्वयंशिक्षितांच्या टेबलावर असतात. त्यांत ओळखीची घरे, गल्ल्या, पावसाळी रस्ते आहेत, हा मोठा लाभ आहे. इंग्रजी पुस्तकातला ओक वृक्ष गिरवताना वाचकाजवळ पडताळणीला काहीच नसते. आंब्याचे झाड गिरवले की तो पुस्तक मिटून दाराशी जातो, फांदी खोडातून नेमकी कुठून फुटते ते पाहतो आणि रेष दुरुस्त करतो.