नाव हरवलेल्या ऑर्किडची ओळख मुळांपासून

नेरूळला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीकडे मागच्या महिन्यात तीन ऑर्किड आली. तिच्या मैत्रिणीने घर बदलताना ती देऊन टाकली होती आणि एकाही कुंडीत नावाची पट्टी नव्हती. त्याच दिवशी शेजारच्या आजींनी गॅलरीत डोकावून सांगितले, "अगं, हे तर बांडगूळ. घरात कशाला आणलंस?" बहिणीने मला दोन प्रश्न पाठवले : यांची नावे काय आणि आजी म्हणतात ते खरे का? सोबत फुलांचे चार फोटो होते. मी तिला मुळांसकट अख्ख्या रोपांचे फोटो मागितले, कारण तिच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिथेच होती.

आधी बांडगुळाचे पाहू. आंब्याच्या फांदीवर वाढणारे बांडगूळ आपली शोषक मुळे सालीतून आत घुसवते, थेट लाकडातील जलवाहिन्यांना जोडून घेते आणि झाडाचे पाणी व क्षार ओढते. झाडावर वाढणारी ऑर्किड, ज्यांना मराठीत आमर असेही म्हणतात, असे काहीही करत नाहीत. त्यांची मुळे सालीला घट्ट चिकटतात, पण सालीच्या आत शिरत नाहीत. झाड त्यांना फक्त उंचावरची जागा देते. हा घोटाळा जुना आहे आणि तो शास्त्रीय नावातही उतरला आहे. झाडावर वाढणाऱ्या परोपजीवी वनस्पतीला संस्कृतात 'वंदा' म्हणत. संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी तोच शब्द एका ऑर्किडसाठी वापरला आणि त्यावरून वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२० साली 'वँडा' ही प्रजाती प्रसिद्ध केली. अमुक नक्षत्रावर अमुक झाडावरचे बांडगूळ आणून तिजोरीत ठेवले की धन वाढते, असे संदेश आजही फोनवर फिरत असतात. त्यांना काहीही आधार नाही, आणि असल्या समजुतींपायी निरपराध ऑर्किडही फांदीवरून ओरबाडली जातात, याचे मला फार वाईट वाटते.

आता नावाविषयी. जगात ऑर्किडच्या २५,००० हून अधिक नैसर्गिक जाती आहेत आणि माणसाने केलेल्या संकरांची नोंदणी लाखाच्या पुढे गेली आहे. रोपवाटिकेत मिळते ते बहुतेक वेळा संकरच असते आणि त्याचे आईबाप फूल बघून सांगता येत नाहीत. म्हणून पट्टी हरवली की संकराचे नेमके नाव परत मिळण्याची आशा सोडावी. गट मात्र ओळखता येतो आणि निगा राखायला तेवढे पुरते. गट ओळखायला फूल लागत नाही, रोपाचा बांधा पुरतो.

पहिला प्रश्न असा की रोप एकाच शेंड्याने वर वाढत जाते की दरवर्षी बुंध्याशी नवा कोंब काढते. बहिणीचे पहिले रोप एकाच शेंड्याचे होते. त्याला समोरासमोर पसरलेली चार-पाच रुंद, मांसल पाने होती आणि फुलांचा जुना दांडा पानाच्या बगलेतून निघालेला होता. ते फॅलेनॉप्सिस. दुसरेही एकाच शेंड्याचेच होते, पण त्याची पाने अरुंद, पट्ट्यासारखी आणि दोन बाजूंना ओळीने रचलेली होती, आणि ते लाकडी टोपलीत, हातभर लांब उघड्या मुळांनिशी टांगलेले होते. ते वँडा किंवा वँडाचा एखादा संकर. तिसऱ्याला बुंध्यापासून उसासारखी पेरे असलेली पाच-सहा खोडे होती, म्हणजे ते डेंड्रोबियम. इथे मात्र आणखी एक गोष्ट तपासावी लागते. फुलांचे जुने दांडे खोडाच्या शेंड्याजवळून निघालेले असतील तर ते उष्ण हवेतले डेंड्रोबियम असून ठाण्यात सुखाने फुलते. फुले खोडाच्या पेरापेरावर आली असतील तर ते नोबिले गटातले असते, त्याला थंड आणि कोरडा हिवाळा लागतो, आणि आपल्याकडे ते अनेकदा फुलांऐवजी पेरांवर नुसती पिल्लेच, म्हणजे छोटी नवी रोपेच, देत राहते. बहिणीचे पहिल्या प्रकारचे निघाले. तिच्याकडे नव्हते असे आणखी दोन गट सांगतो. चपट्या, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारख्या आभासी कंदातून, म्हणजे खोडाच्या फुगीर भागातून, पातळ पाने आणि लहान पिवळ्या फुलांचा फाटे फुटलेला तुरा निघत असेल तर ते ऑन्सिडियम. मुद्गलासारख्या जाड कंदावर एक-दोनच चामड्यासारखी पाने असतील तर ते कॅटलिया असण्याचा संभव अधिक.

या तिन्ही रोपांच्या मुळांत एक गोष्ट समान होती, आणि मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते तिच्याविषयीच. कोरड्या मुळाचा रंग रुपेरी-पांढरा असतो. ड्रॉपरने त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा आणि नीट पाहा. थेंब ओघळत नाही, मुळात जिरतो, आणि जिथे जिरला तिथे बघता बघता हिरवा डाग पसरतो. या पांढऱ्या आवरणाला वेलामेन म्हणतात. तो मुळाच्या बाह्यत्वचेचाच, बहुधा अनेक थरांचा, भाग असतो आणि त्यातील पेशी पूर्ण वाढ झाल्यावर मरून जातात. मागे उरतात त्या फक्त रिकाम्या, जाळीदार भित्ती, म्हणजे एक अतिसूक्ष्म स्पंज. कोरडेपणी या पोकळ्यांत हवा असते. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचे माप, १ आणि पेशीभित्तीचा सुमारे १.५ असल्यामुळे प्रकाश प्रत्येक सीमेवर वळतो, विखुरतो आणि मूळ पांढरे दिसते. पोकळ्यांत पाणी भरले की हवेच्या १ च्या जागी पाण्याचा १.३३ येतो, फरक घटतो, विखुरणे कमी होते आणि आवरण पारदर्शक बनते. वडापाव गुंडाळलेल्या कागदावर तेलाचा डाग पडला की त्यातून पलीकडचे दिसू लागते, त्यामागे हेच कारण आहे. मुळात त्या 'खिडकीतून' दिसतो तो आतल्या थरातील हरितद्रव्याचा हिरवा रंग, कारण ऑर्किडची हवेतली मुळे प्रकाशसंश्लेषणही करतात.

वेलामेनच्या आत एक चौकीदार थर असतो. त्यातील बहुतेक पेशींच्या भित्ती जलरोधक झालेल्या असतात. मधूनमधून मात्र पातळ भित्तीच्या जिवंत पेशी सोडलेल्या असतात आणि पाणी आत जाते ते मुख्यतः त्यांच्यातून. म्हणजे बाहेरचा स्पंज पाणी पटकन पकडतो आणि हा थर ते सावकाश, निवडून आत घेतो. जर्मनीतील गेरहार्ड झोट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की वेलामेन काही सेकंदांत भरते, पण त्यातले पाणी उडून जायला काही तास लागू शकतात, आणि विद्युतभारित क्षार त्यात धरून ठेवले जातात. पहिल्या पावसाची सर फांदीवरून ओघळताना वर्षभराची धूळ आणि पानांतून निघालेले क्षार सोबत आणते. नंतरचे पाणी जवळजवळ निव्वळ पाणीच असते. ज्याचे मूळ मातीत नाही, त्याला पहिले काही क्षण चुकवून चालणारच नाही, आणि हे आवरण नेमके तेच क्षण पकडते. म्हणूनच लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम एवढे पातळ खत कोरड्या, रुपेरी मुळांवर द्यावे, आधी साध्या पाण्याने ती भिजवून टाकू नयेत, असे माझे मत आहे. खत घट्ट असेल तर मात्र मुळे होरपळतील, तेव्हा पातळपणाची अट सोडू नये.

वँडाची भिजलेली मुळे भिंगातून पाहिली तर हिरव्या रंगात बारीक पांढऱ्या रेघा आणि ठिपके तसेच राहिलेले दिसतात. तो रोग नव्हे. भिजल्यावरही हवा धरून ठेवणाऱ्या त्या जागा आहेत आणि त्यांच्यातून मूळ श्वास घेते. ऑर्किड मातीत लावले की का मरते, ते इथे कळते. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. ओल्या मातीत वेलामेन कायम भरलेले राहते, आतल्या पेशी गुदमरतात आणि मग कुजवणाऱ्या बुरशीचे फावते. त्याऐवजी लोणारी कोळसा, नारळाच्या सोडणाचे मोठे तुकडे आणि विटांचे खडे वापरावेत. मूळ बोटांनी हलके दाबून पाहावे : टणक लागले तर जिवंत; पोकळ लागले आणि साल सुटून आतला दोरा हाती आला तर मेलेले.

ऑर्किड हवेतली वाफ पिऊन जगतात, असाही समज आहे, आणि ठाण्याच्या दमट हवेत तो खराच वाटतो. पण वेलामेन वाफेपासून उपयोगी ठरेल एवढे पाणी मिळवत नाही. त्याला द्रवरूप पाणीच लागते. दमटपणाने मुळे वाळण्याचा वेग कमी होतो, एवढाच त्याचा उपयोग. तेव्हा मुळे रुपेरी झाली की पाणी द्यावे, हिरवी असताना देऊ नये. एप्रिलमध्ये टांगलेल्या वँडाला हे रोज करावे लागेल. जुलैत पाऊस लागून राहिला की फॅलेनॉप्सिस ग्रिलमधून आत घ्यावे आणि शेंड्यात साचलेले पाणी कापसाने टिपून काढावे, नाहीतर शेंडा कुजतो आणि एकच शेंडा असलेल्या रोपाला बहुधा दुसरी संधी मिळत नाही. पश्चिमेचे ऊन तिन्ही रोपांना सोसत नाही. वँडाला त्यातल्या त्यात जास्त उजेड लागतो. फॅलेनॉप्सिसचा दांडा तापमान २५ अंशांच्या आसपास किंवा खाली उतरले की सुटतो, त्यामुळे आपल्याकडे त्याची वाट डिसेंबर-जानेवारीत पाहावी. नवे टोक गोल आणि गुळगुळीत असेल तर ते मूळ. चपटे आणि एका बाजूला खाचेचे असेल तर दांडा.

दुकानातल्या झगझगीत निळ्या फॅलेनॉप्सिसला भुलू नये. तो रंग दांड्यात घातलेला असतो आणि पुढची फुले पांढरीच येतात. माकडाच्या तोंडाच्या ऑर्किडची 'बियाणे' विकणाऱ्या जाहिरातीही तशाच. ऑर्किडचे बी धुळीसारखे असते, त्यात अन्नसाठा नसतो आणि निसर्गात विशिष्ट बुरशीच्या मदतीवाचून ते रुजत नाही, हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार्ड यांनी १८९९ सालीच दाखवून दिले होते.

मे-जूनमध्ये येऊरच्या जंगलात फिरताना 'सीतेची वेणी' या ऑर्किडचा गुलाबी-पांढरा लोंबता तुरा दिसला, तर त्याच्या पट्टेरी पानांची कुरतडल्यासारखी टोके आणि खोडाला धरून बसलेली जाड रुपेरी मुळे जवळून पाहावीत, पण हात लावू नये. ते जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथून रोप उपटणे हा गुन्हा आहे. बहिणीने आता तिन्ही कुंड्यांत प्लॅस्टिकच्या पट्ट्या खोचल्या आहेत आणि शाई उन्हाने उडते म्हणून पेन्सिलने लिहिले आहे : गट, "संकर, नाव अज्ञात", घरी आल्याची तारीख आणि खाली फुलण्याच्या महिन्यासाठी सोडलेली रिकामी ओळ.