मुंबई महानगरपालिका : आयुक्त आणि सभागृह

मुंबई महानगरपालिकेत मंजुरी सभागृह देते, पण कार्यकारी अधिकार असतो आयुक्ताकडे. १८८८च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने ही वाटणी पक्की केली. नगरसेवक मुंबईकरांच्या मतांवर येतात, तर आयुक्त हा राज्य शासनाने नेमलेला सनदी अधिकारी असतो. महापौर शहराचा प्रथम नागरिक खरा, पण सभा चालवण्यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही नाही.

या रचनेमागे एक भांडण आहे. १८६५च्या कायद्याने आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांना जवळपास मोकळे रान मिळाले. त्यांनी कामांचा धडाका लावला, खर्च हाताबाहेर गेला आणि १८७१मध्ये करदाते खवळले. त्या वादात तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहतांनी एकाच जबाबदार अधिकाऱ्याची बाजू उचलून धरली; त्याच्यावर वचक मात्र निवडून आलेल्यांचा हवा, हा त्यांचा आग्रह. १८७२मध्ये ६४ सदस्यांची पालिका आली. त्यातले निम्मेच निवडलेले, तेही करदात्यांनी. प्रौढ मताधिकारासाठी १९४८ उजाडावे लागले.

नगरसेवकांचा खरा जोर स्थायी समितीत दिसतो. मोठी कंत्राटे आणि अर्थसंकल्प तिच्यापुढे येतात, म्हणून तिच्या अध्यक्षपदासाठी पक्षांची जी चढाओढ लागते ती महापौरपदाच्या तोडीची असते. उलट नगरसेवकाने मांडलेली ‘ठरावाची सूचना’ सभागृहात मंजूर झाली, तरी ती आयुक्तांच्या अभिप्रायासाठी जाते. ‘शक्य नाही’ असा शेरा आला की विषय बहुधा तिथेच संपतो. सभागृहाकडे एक मोठे हत्यार आहे: पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केला, तर शासनाला आयुक्त हटवावाच लागतो. १९९८मध्ये महापौर परिषदेचा, म्हणजे कार्यकारी अधिकार आयुक्ताऐवजी महापौर आणि त्याच्या सहकारी नगरसेवकांकडे देण्याचा, प्रयोग झाला, पण तो लवकरच गुंडाळला गेला.

सभागृहाची मुदत मार्च २०२२मध्ये संपली, निवडणूक लांबली आणि आयुक्तच प्रशासक झाले. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच! असे याआधी १९८४-८५मध्ये घडले होते. फेब्रुवारी २०२३मध्ये तर अतिरिक्त आयुक्तांनी ५२,६१९ कोटींचा अर्थसंकल्प प्रशासकांनाच सादर केला. गटार तुंबले तर तक्रार थेट वॉर्ड ऑफिसात. माजी नगरसेवक लेटरहेडवर पत्रे देत राहिले, पण ती विचारात घेण्याचे बंधन कुणावर नव्हते. पुढचे मतदान थेट १५ जानेवारी २०२६ला झाले.