दाब व प्रवाह मोजून रोध आणि शक्ती कशी काढावी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

किनाऱ्यालगतच्या घरांत आणि होमस्टेमध्ये काम करताना आम्हाला नेहमी विचारले जाते की, गिझर नवा असूनही पाणी तापायला एवढा वेळ का लागतो आणि त्याचा स्विच हाताला गरम का लागतो. याचे उत्तर बहुधा दोन मोजमापांतून मिळते : विजेचा दाब व्होल्टमध्ये आणि प्रवाह अँपिअरमध्ये.

दाबाला प्रवाहाने भागले की रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, ओहममध्ये मिळतो आणि दोहोंचा गुणाकार केला की शक्ती वॉटमध्ये मिळते. यांपैकी पहिला नियम जर्मन शास्त्रज्ञ ओहम यांनी १८२७ साली प्रसिद्ध केला. २३० व्होल्टवर चालणारा २००० वॉटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे त्याचा रोध साधारण २६.५ ओहम असतो. हा रोध फारसा बदलत नसल्यामुळे दाब उतरला की प्रवाहही उतरतो, आणि म्हणून १८० व्होल्टवर तोच गिझर जेमतेम १२२५ वॉट शक्ती देतो.

परंतु मीटरपाशी दाब पुरेसा असूनही न्हाणीघरात तो कमी भरत असेल, तर दोष मधल्या वाटेवर शोधावा. समजा, गिझर चालू असताना मीटर बोर्डावर २२९ व्होल्ट, गिझरच्या पॉइंटवर २१९ व्होल्ट आणि प्रवाह ८.३ अँपिअर आहे. मधल्या १० व्होल्टना ८.३ ने भागल्यास १.२ ओहम रोध निघतो. २० मीटर अंतरावर जाऊन-येऊन ४० मीटर भरणाऱ्या २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध अवघा ०.३ ओहम असतो. उरलेला ०.९ ओहम खाऱ्या हवेने हिरवट पडलेल्या टर्मिनलांत आणि सैल स्क्रूंत असतो. प्रवाहाचा वर्ग करून त्याला या रोधाने गुणले की सुमारे ६२ वॉट येतात, आणि एवढी उष्णता बोटाच्या पेरापेक्षा लहान जागेत सतत निर्माण होत राहिल्याने प्लास्टिक करपते. अशा वेळी एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढल्यास आपोआप बंद होणारा स्विच, पडत नाही, कारण प्रवाह वाढलेला नसून उलट किंचित घटलेला असतो. त्यामुळे ‘एमसीबी पडली नाही, म्हणजे सगळे ठीक’ हा समज आम्हाला धोक्याचा वाटतो.

प्रवाह मोजणारा चिमट्यासारखा क्लॅम्प मीटर एकाच वायरीभोवती लावावा; दोन्ही वायरी एकत्र पकडल्यास तो जवळपास शून्य दाखवतो. बोर्डाचे झाकण मात्र स्वतः उघडू नये, ती मोजणी आमच्या वायरमनकडून करून घ्यावी.

विहिरीवरील पंपाला वरील भागाकार लागू पडत नाही, कारण मोटारीत दाब आणि प्रवाह यांची लय एकत्र चालत नाही. तिची शक्ती काढताना गुणाकाराला पॉवर फॅक्टरनेही, म्हणजे ही लय किती जुळते ते सांगणाऱ्या एकाहून लहान संख्येनेही, गुणावे लागते. पंपापर्यंतच्या वायरीत वाया जाणारी शक्ती मात्र प्रवाहाच्या वर्गावरूनच काढता येते. विहीर ६० मीटरवर असेल आणि पंप ७ अँपिअर घेत असेल, तर दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत सुमारे ७१ वॉट नुसते उष्णतेत जातात, तर ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे २७ वॉट. महाग असूनही जाड वायर का सुचवली, असे वाटल्यास आमच्या अंदाजपत्रकातील हे दोन आकडे आपण अवश्य पडताळून पाहावेत.