सुलोचनादीदी वेगळ्या, सुलोचनाबाई वेगळ्या

10 डिसेंबर 2022 ला लावणीवाल्या सुलोचना चव्हाण गेल्या. आमच्या गावच्या ग्रुपवर श्रद्धांजलीला फोटो लागला तो अभिनेत्री सुलोचना लाटकरांचा, म्हणजे सुलोचनादीदींचा. दीदी तेव्हा हयात होत्या! पुढे 4 जून 2023 ला त्याही गेल्या, तर फोटोखाली ‘आता लावनी कोन गाईन?’ दोन मोठ्या बायांना आपण साधा निरोपही धड देऊ शकलो नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

दीदी आमच्या बुलडाणा जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. सिंदखेडराजा इथलंच, आणि ‘मराठा तितुका मेळवावा’मध्ये जिजाऊ साकारली ती त्यांनी. 12 जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थानी जाणाऱ्या माझ्या मायच्या डोळ्यांसमोर त्यांचाच चेहरा असतो. त्या चिकोडी तालुक्यातल्या खडकलाटच्या. ‘सुलोचना’ हे नाव भालजी पेंढारकरांनी कोल्हापुरात दिलेलं. ‘वहिनींच्या बांगड्या’, ‘मोलकरीण’, मग हिंदीत आईच्या भूमिका. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे.

घोटाळा होतो तो गाण्याशी. पडद्यावर गाणारी बाई आणि खरं गाणारी बाई एकच, असं आपण धरून चालतो. लग्नाच्या भोंग्यावर ‘सोळावं वरीस धोक्याचं’ लागलं, निवेदकानं ‘सुलोचना’ म्हटलं, की डोळ्यांसमोर दीदी. पण ते गाणं ‘सवाल माझा ऐका’ या 1964 च्या चित्रपटातलं. त्यात दिसतात जयश्री गडकर, आवाज सुलोचना चव्हाणांचा. दीदींचा त्या गाण्याशी काही संबंध नाही.

चव्हाणबाई गिरगावच्या. लग्नाआधी त्या सुलोचना कदम होत्या. 1951 च्या ‘ढोलक’ या हिंदी चित्रपटाच्या रेकॉर्डवर तेच नाव आहे. म्हणून कदम आणि चव्हाण या दोन गायिका समजू नका. आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, माइकसमोर जागच्या जागी उभं राहून त्या गात. ठसका, लाडिकपणा, रुसवा, सगळं गळ्यातून. न नाचता लावणी अशी उभी करणं किती अवघड असतं, ते स्वतः लावणी गाऊन बघितल्याशिवाय कळायचं नाही. त्यांना ‘नाचणारी बाई’ म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते.

आणखी एक गोष्ट मला अजिबात सहन होत नाही. ठसकेबाज लावणी दिसली की तिच्यावर चव्हाणबाईंचं नाव चिकटवायचं. ‘बुगडी माझी सांडली गं’ आशा भोसल्यांनी गायलेलं आहे. चव्हाणबाईंच्या स्वतःच्या लावण्या कमी आहेत का? ‘फड सांभाळ तुऱ्याला गं आला’ लावा, पुरेसं आहे.

पद्मश्रीचं सोपं आहे: दीदींना 1999 ला, चव्हाणबाईंना 2022 ला. फाळके पुरस्कार मिळालेली सुलोचना मात्र तिसरीच, मूकपटांच्या काळातली नायिका रूबी मायर्स. 1973 चा तो पुरस्कार दीदींच्या नावावर लिहू नका.

भोंगेवाल्याला मी आता चिठ्ठीच लिहून देते: आवाज सुलोचना चव्हाण, चेहरा जयश्री गडकर. परवाच्या हळदीत त्यानं ती माइकवर वाचली, आणि माय म्हणाली, ‘मग जिजाऊ कोन होती वं?’ ती दीदीच, माय.